भरल्या गाडीचा उजेड

गोवर्धनचे डोळे गेले, ही बातमी गोवर्धनला सगळ्यांत शेवटी कळली. आधी ते त्याच्या साळ्याने, देवमनने, ठरवलं. मग अमरावतीच्या गॅरेजवाल्या खुशालरावने त्यावर शिक्का मारला. मग मुलाने मान डोलावली, आणि घरी माणिकबाईने देवापुढे दिवा लावून ते मान्यही करून टाकलं. ज्याचे डोळे, तो मात्र एकटाच म्हणत राहिला, की बाबांनो, दोष डोळ्यांत नाही, लाईटमध्ये आहे.

शेंदूरजनाघाटला त्याचा थोडासा संत्र्याचा बगीचा आणि एक ट्रक. बगीचा वडिलांचा, ट्रक स्वतःचा. हंगामात आजूबाजूच्या बगिच्यांतला माल दुपारभर भरायचा आणि दिवस मावळता मावळता निघायचं. वरूड, मोर्शी, अमरावती करत मूर्तिजापूरच्या व्यापाऱ्याचा माल उतरवायचा आणि उरलेला अकोल्याच्या बाजारात पहाटेच्या हर्रासीला, लिलावाला लावायचा. परत यायचं ते दिवसाउजेडी, रिकाम्या गाडीने, डोळ्यांत झोप घेऊन. मिशी फुटली तेव्हापासून हेच. आता मिशी पांढरी झाली होती.

मूर्तिजापूरचा माल आधी उतरणार, म्हणून तो शेवटी भरला जाई, म्हणजे गाडीच्या मागच्या अंगाला. त्यात त्या भागातल्या बऱ्याच गाड्यांसारखा याही गाडीचा डाला, म्हणजे मालाचा हौदा, मागे हातभर वाढवून घेतलेला. फाळक्यापाशी संत्र्याचा ढीग असा चढे, की पुढून पाहणाराला वाटावं, गाडीच्या पाठीवर एक टेकडी बसली आहे.

दसऱ्याला शेखरने नवे हेडलाईट आणले. शेखर त्याचा मुलगा, अमरावतीला मोबाईलच्या दुकानात कामाला. ऑनलाईन मागवलेल्या त्या खोक्याचं प्लॅस्टिक त्याने ओट्यावर बसून स्वतः फाडलं, फोनवर व्हिडिओ लावला आणि दुपारभर ट्रकच्या तोंडाशी खटपट करून ते दिवे बसवले. संध्याकाळी घराच्या भिंतीवर लाईट पाडून स्क्रू पिळून सरळ केले. पांढराशुभ्र उजेड पडला. शेजारची पोरं ओरडली. माणिकबाईने काचांना हळदकुंकू लावलं.

"बाबा, आता तुमच्यासाठी अंधार म्हनून काही राह्यलाच नाई," शेखर म्हणाला.

गोवर्धनला बरं वाटलं. मुलाने बापासाठी काही आणावं, हे त्याच्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं. आणि म्हणूनच पहिल्या खेपेला वरूड सोडून गाडी अंधारात शिरली, तेव्हा जे दिसलं ते सांगायची त्याला लाज वाटली. उजेड होता, पण रस्ता नव्हता. समोर नुसतं पांढरं काहीतरी उभं होतं, धुक्यासारखं. चाकापुढचा डांबराचा पट्टा काळाच्या काळा. जुन्या पिवळ्या दिव्यांत खड्डा आधी दिसायचा आणि मग लागायचा. आता तो लागल्यावर कळायचा. समोरून येणारे ड्रायव्हर लांबूनच डिपर मारत, जवळ येऊन आईबहिणीचा उद्धार करत. गोवर्धन डिपरचं बटण पुन्हा पुन्हा दाबून पाही. लाईट खालीच असे.

"देवमन, तुले दिसते का रस्ता?"

देवमन बाजूच्या सीटवर पाय वर घेऊन फोनमध्ये बघत असे. "मले तं दिवसावानी दिसते, भाऊजी."

"कोठी पाहून राहिला तू?"

"फोनमंदी," देवमन म्हणे आणि स्वतःच हसे.

देवमन माणिकबाईचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटलेला, मोठ्या गाडीचं लायसन्स खिशात घेऊन भाऊजींच्या शेजारी बसणारा. मनाने वाईट नव्हता. पण शेजारी बसणाऱ्या माणसाचं लक्ष स्टिअरिंगवर असतं, त्याला तो तरी काय करणार!

पहिल्या महिन्यात गोवर्धन गप्प राहिला. दुसऱ्या महिन्यात, बडनेरा रोडवर परतीच्या वाटेत, सकाळी खुशालरावच्या गॅरेजात त्याने गाडी घातली. खुशालराव गाड्यांची वायरिंग करतो आणि ती करताना तोंड बंद ठेवत नाही.

"पोट्ट्यानं बसवले का? मंग बराबर हाय. बल्ब आडवा बसवला पाह्य. हा असा कानाले कान लागून बसाले पाह्यजे." त्याने बल्ब काढला, फिरवून खोबणीत नीट बसवला, शटर ओढून अंधार केला. समोरच्या भिंतीवर खडूने ओढलेल्या रेघेवर उजेडाचे दोन पट्टे तंतोतंत बसले. "घ्या. आता नवरीचा चेहरा पाह्यता येईन."

त्या संध्याकाळी माल भरून निघाल्यावर पुन्हा तेच. पांढरं धुकं, काळा रस्ता.

पुढच्या वेळी खुशालरावने अर्थिंगची गंजलेली तार बदलली, नवा रिले टाकला. उजेड वाढला, धुकंही वाढलं. त्याच्या पुढच्या वेळी काचा उघडून आतली धूळ पुसली, आणि हल्लीच मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक जादा पाटा टाकला होता, त्याने रिकाम्या गाडीचं मागचं अंग उचलून ती नाकावर येते, असं म्हणून स्क्रू पिळून लाईट रेघेवर पुन्हा चढवला. प्रत्येक वेळी शटर ओढलं, प्रत्येक वेळी भिंतीवर पट्टे सरळ. गोवर्धनलाही भिंत स्वच्छ दिसे. खिळ्याचं भोकसुद्धा दिसे.

चौथ्यांदा तो गेला तेव्हा खुशालरावने हात पुसले, स्टूल पुढे ओढलं, चहा सांगितला. माणूस चहा सांगून बोलायला लागला की गोवर्धनला धास्ती वाटे.

"गोवर्धनभाऊ, राग नोका मानू. काचेच्या समोरचं जे होतं ते सारं मी पाह्यलं. आता खराबी हाय ते काचेच्या मांगं हाय."

"मांगं काय हाय?"

"तुमी हा ना मांगं!"

देवमन इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. गोवर्धनही थोडा हसला. मग पेला खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत बसला.

शेखरने त्याला राजापेठच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. त्याने डोळ्यांत औषध घातलं, हनुवटी टेकवायला सांगितली, म्हणाला, "मोतीबिंदूची सुरुवात आहे. या वयात असतेच. पिकायला अजून वर्षं जातील. चष्म्याचा नंबर बदलून देतो. गाडी चालवायला हरकत नाही." बस, इतकंच. पण शेंदूरजनाघाटला पोचेपर्यंत त्यातला 'मोतीबिंदू' एवढाच शब्द उरला. बाकीचे वाटेत सांडले.

"आता बस झालं," माणिकबाई म्हणाली. ती भाकर थापत होती, हात थांबला नाही. "गुढीपाडव्यापासून देवमन चालवीन गाडी. तुमी बगिच्यात राहा. पानी द्या, झाडं पाहा. डोये हायेत तवर जपा."

"डॉक्टर म्हने, हरकत नाई."

"डॉक्टरले काय जाते! मुर्दा तुमचा पडला तं मले पाहा लागते, का डॉक्टरले?"

गोवर्धनने वाद घातला नाही. घालायला हवा होता, असं त्याचं त्यालाच वाटलं. निदान दोन शब्द. पण तो उठून मागच्या अंगणात गेला, हातपाय धुतले आणि बाजेवर आडवा झाला, आणि झोपला. दुपारची झोप त्याला कधीच लागत नसे. ड्रायव्हरची दुपारची झोप म्हणजे उघड्या डोळ्याने पडून राहणं. त्या दिवशी मात्र दिवेलागणीला माणिकबाईने हलवून उठवलं तेव्हा आपण कुठे आहोत हे त्याला क्षणभर कळेना. अंगातली एक दोरी कोणीतरी सैल केली होती.

कसं सांगावं! माणसं डोळे गेले म्हणून रडतात, आणि या माणसाला आतून हलकं वाटत होतं. त्यांच्यात माणूस कामावरून उठतो तो कशाने तरी उठतो. कोणाचे गुडघे धरतात, कोणाची साखर चढते, कोणाची कंबर जाते. थकला म्हणून कोणी उठत नाही. थकणं हे संध्याकाळचं असतं, सकाळपर्यंत ते उरू नये. गोवर्धनचं गेली काही वर्षं उरत होतं. सकाळी उठताना काल रात्रीचा थकवा उशाशी बसलेला असे, आणि त्याच्याबद्दल कोणाशी बोलावं तर बोलायचं काय? हात चालतात, पाय चालतात, जेवण जातं. मग झालं काय तुला? या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आता डॉक्टरने ते लिहून दिलं होतं.

तरी मनात एक काटा होता. आपले डोळे खरंच गेले का? नवा चष्मा लावून तो बगिच्यात फिरे, तेव्हा पानावरची अळी दिसे. लांबच्या सातपुड्यावरच्या झाडांच्या ओळी दिसत. मग रात्रीच काय होतं? असेल बुवा, रात्रीचं वेगळं असेल. तो स्वतःला समजावे आणि समजूत पटल्यावर बरं वाटून घेई.

पाडवा जवळ आला होता. मृग बहाराचा माल संपत आला होता. अशाच एका खेपेला, अंधार नुकताच पडलेला, मोर्शीच्या अलीकडे मागची दोरी फडफडल्यासारखी वाटली म्हणून गोवर्धनने गाडी कडेला घेतली. देवमन घोरत होता. इंजिन चालू, लाईट चालू. गोवर्धनने मागे जाऊन दोरी आवळली आणि मोकळं व्हावं म्हणून रस्त्याच्या पलीकडे, शेताच्या धुऱ्यापर्यंत गेला. परत वळला आणि तिथेच थांबला.

रस्त्याच्या कडेला थोडं पुढे एक मोठा कडुनिंब होता. त्याच्या शेंड्यावर दिवस उजाडला होता. पानन्‌पान पांढरं दिसत होतं, आणि मुक्कामाला बसलेले बगळे एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडत होते, माना वळवत होते, त्यांना काही सुचत नव्हतं. खाली, झाडाच्या बुंध्याशी, काळोख.

त्याने गाडीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने आपली भरली गाडी रात्री बाजूने, दुरून, कधी पाहिलीच नव्हती. तो नेहमी तिच्या आत असे. मागचं अंग ओझ्याने बसलेलं, तोंड वर. पाणी पिऊन मान उचललेल्या बैलासारखी ती उभी होती, आणि तिचे दोन्ही डोळे आभाळाकडे लागले होते.

सगळं एका दमात उलगडलं. शेखरने लाईट लावले ते रिकाम्या गाडीवर. खुशालराव रेघेवर धरी तोही रिकाम्या गाडीवर, आणि त्याने तर लाईट आणखी वर चढवून दिलेला. कारण खुशालरावकडे गाडी सकाळी जाई, माल उतरवून. भरली गाडी आणि लाईटची भिंत यांची गाठ कधी पडलीच नव्हती. जुने दिवे मूळचेच खिळखिळे, खाली मान घालून असत, म्हणून ते भरल्या गाडीला बरोबर लागू पडत. ही साधी गोष्ट शेंबड्या पोराला कळावी. पाच महिने चार शहाण्यांना कळली नव्हती, त्यात तो स्वतः एक.

स्क्रू ड्रायव्हर सीटखाली होता. दोन स्क्रू, थोडं पिळणं, खेळ खतम.

गोवर्धन तिथे बराच वेळ उभा राहिला. मग रस्ता ओलांडून आला, केबिनमध्ये चढला, दार लावलं.

"काय झालं, भाऊजी?" देवमन झोपेत म्हणाला.

"काई नाई. दोरी होती."

गाडी निघाली. समोर पुन्हा पांढरं धुकं, पण आता ते धुकं नाही हे त्याला माहीत होतं. डिपर मारणाऱ्या प्रत्येक गाडीशी तो मनातल्या मनात बोलत होता, थोडे दिवस बाप्पा, थोडेच दिवस. सांगितलं तर काय होणार, हे त्याला पक्कं दिसत होतं. डोळे चांगले ठरणार, सगळे हसणार, माणिकबाई नारळ फोडणार, आणि तो पुन्हा या सीटवर. पुढचा बहार, त्याच्या पुढचा बहार, डोळे पिकेपर्यंत. देवमनच्या हाती गाडी गेली की त्याला एक दिवस सहज म्हणू, जरा लाईट खाली घे रे. असं त्याने ठरवलं. ठरवायला काय लागतं!

पण देवमनचा हात बसावा म्हणून पाडव्याच्या आधीच्या खेपेला माणिकबाईनेच भावाला स्टिअरिंगवर बसवलं. ओवाळलंसुद्धा. गोवर्धन पहिल्यांदा डावीकडच्या सीटवर बसला. देवमन खूश होता, गाणं लावलं होतं, हॉर्न उगाच वाजवत होता. वरूड गेलं, बेनोड्याचा फाटा गेला, अंधार दाट झाला.

"देवमन, लाईट..." गोवर्धन म्हणाला.

"काय लाईट?"

"काई नाई. हळू घे."

"भाऊजी, तुमी आता डोये मिटून आराम करा. आता माये डोये!"

एका वळणावर समोरून मोटरसायकल आली. तिचा दिवा डुगडुगत होता. तो एकदा डावीकडे गेला, एकदा मध्ये आला आणि मग एकदम रस्त्यावरून नाहीसा झाला. काही तरी खरवडल्याचा आवाज झाला. देवमनने ब्रेक मारला. संत्री मागे एकमेकांवर आदळली.

गोवर्धन उतरून धावला. धावता येतं आपल्याला, हे त्याला त्याही घाईत जाणवलं. खाली साईडपट्टीच्या पुढे, सुकलेल्या नालीत मोटरसायकल आडवी होती. मागचं चाक फिरत होतं. एक तरुण उभा राहायचा प्रयत्न करत होता, आणि त्याची बायको बसल्या जागी एक हात दुसऱ्या हातात धरून होती. बांगड्या फुटून मनगटात घुसल्या होत्या. पण ती हाताकडे बघत नव्हती. ट्रककडे तोंड करून, डोळे आक्रसून बसली होती.

"दिसत नाई व मले," ती नवऱ्याला म्हणाली. "काईच दिसत नाई."

नवरा गोवर्धनच्या अंगावर आला. "लाईट हाय का काय हाय हे? माणसाच्या डोयात घालते का? अप्पर मारून काहून चालता बे तुमी?"

"अप्पर नाई, डिपरच हाय," मागून देवमन ओरडत आला. "तुलेच चालवता येत नाई! वळणावर मधात कोन येते?"

"मधात? तुया लाईटनं रस्ता कोठी दिसते, मधात का बाजूले कसं समजीन!"

"देवमन, चूप बस," गोवर्धन म्हणाला. "आधी लाईट बंद कर."

लाईट गेला. अंधारात सगळ्यांचे श्वास ऐकू आले. थोड्या वेळाने ती बाई म्हणाली, "आता दिसून राहिलं. चांदण्या दिसून राहिल्या." आणि मग तिला आपला हात दिसला आणि ती रडायला लागली.

गोवर्धनने केबिनमधली पाण्याची कॅन आणली. फोनच्या उजेडात, आपल्याच सुनेचा हात धरावा तसा तिचा हात धरून काचा एकेक काढल्या, पाणी ओतलं, खांद्यावरचा दुपट्टा फाडून बांधला. जखमा खोल नव्हत्या.

"कोन्या गावचे, माय?"

"हिवरखेडच्या जवयचे. वरूडले लग्नाले चाललो होतो."

"थांबा थोडे. मी येतो तुमच्या संगं वापस गावापर्यंत."

थोडंसं मागे, रस्त्याला लागून एक संत्रा मंडी होती, फळं निवडून भरायची शेड. तिची चुना दिलेली लांब भिंत अंधारातही फिकट दिसत होती. गोवर्धन स्वतः स्टिअरिंगवर चढला, गाडी मागे घेऊन भिंतीसमोर आणली आणि लाईट लावला. भिंतीवर उजेड नव्हताच. तो शेडच्या पत्र्यावर, त्याच्याही वर, पाण्याच्या टाकीवर पडला होता.

देवमन तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"हे काय, भाऊजी?"

"हे असं हाय. सीटखालून स्क्रू ड्रायव्हर आन. मी सांगतो तसं पिय."

देवमन वाकून स्क्रू पिळू लागला. टाकीवरचा उजेड पत्र्यावर उतरला, पत्र्यावरून भिंतीवर, भिंतीवरून खाली खाली. गोवर्धन भिंतीशी उभा राहून हाताने दाखवत होता. त्याने आपल्या कमरेपाशी हात धरला, मग त्याच्याही खाली. "अजून. अजून थोडा. आता डावा. बस." दोन पट्टे गुडघ्यांच्या उंचीवर येऊन स्थिर झाले.

"हा भरल्या गाडीचा. मूर्तिजापूरला मागचा माल उतरला का गाडी सरळ होते, मंग हा लाईट पायाशी पडते. तिथी अर्धा चक्कर वर घ्या लागते. ध्यानात ठेव."

देवमनने गाडी वळवून रस्त्यावर आणली. पुढचा रस्ता उघडा पडला. साईडपट्टीची पांढरी रेघ, नालीतला मोटरसायकलचा तुटका आरसा, खडी, सगळं. मोटरसायकलवाला रागात होता तरी बघत राहिला.

"आता बराबर हाय," तो म्हणाला. "आधी काय झालं होतं?"

देवमनला आता कुठे सगळा अर्थ लागला. तो खाली उडी मारून आला आणि त्याने गोवर्धनचे दोन्ही खांदे धरले. "म्हंजे तुमचे डोये चांगले होते! भाऊजी! त्या खुशालरावच्या... तीन डाव भिंतीवर लाईट पाडला त्यानं, एक डाव भरली गाडी नाई मांगतली! थांबा, शेखरले सांगतो." त्याने तिथेच फोन लावला. बोलताना तो हसत होता, मोठ्याने सांगत होता, जणू शोध त्याचाच. मग हसता हसता थोडा थांबला. स्टिअरिंगकडे एकदा पाहिलं. आवाज खाली आला. "हो ना, मंग आता भाऊजीच चालवतीन. मले काय! मी आपला बाजूले." त्याने फोन गोवर्धनच्या हातात दिला आणि मोटरसायकल नालीतून वर काढायला गेला.

"बाबा," शेखर म्हणाला. "बाबा, मायाच लाईटनं झालं हे सारं. मी रिकाम्या गाडीवर... मी आईले सांगतो. पाडव्याचं सारं कॅन्सल. तुमचे डोये एकदम ओके हायेत, तुमीच चालवा."

"नाई," गोवर्धन म्हणाला.

"काहून?"

नालीतून मोटरसायकल वर आली. ती बाई रस्त्याच्या कडेला उभी राहून नवऱ्याला, हँडल वाकलं का पाहा, म्हणत होती.

"मले हे आधीपासून माहीत होतं, शेखर. मोर्शीपाशी पाह्यलं होतं मी, किती दिवस झाले. सांगतलं नाई."

"सांगतलं काहून नाई?"

"डोयाचं कारन भेटलं होतं मले. जाऊ द्यावं वाटे. थकलो बाप्पा मी."

"आज?"

"आज नाई. तसा नाई."

शेखर दुकानातून बाहेर आला असावा, मागची गर्दी थांबली. मग तो म्हणाला, "आईले काय सांगू?"

"तू नोको सांगू. मीच सांगतो."

माणिकबाईला फोन लावण्याआधी त्याने चष्मा काढून पुसला. काही कारण नव्हतं. तिने पहिल्याच घंटीला उचलला; रात्री त्याचा फोन आला की ती अशीच उचले. त्याने आधी सांगितलं की कोणाला काही फार लागलं नाही. मग लाईटचं सांगितलं. मग डोळ्यांचं. ती देवाचं नाव घेऊ लागली, तेव्हा त्याने तिला मध्येच थांबवलं आणि राहिलेलंही सांगितलं.

"थकलो म्हंजे?" ती म्हणाली. "बरं नाई का? ताप हाय?"

"ताप नाई."

"मंग?"

"मंग काही नाई. थकलो, इतकंच हाय ते."

"लोकायले काय सांगू मी?" ती म्हणाली. "सारे डोयाचं धरून बसले हायेत. आता डोये चांगले हायेत म्हनलं तं इचारतीन, घरी काहून बसवला?"

"सांग, थकला म्हनाव."

"असं कोनी सांगते का?"

"मी सांगून राहिलो ना."

"हं," ती म्हणाली. त्या 'हं'चा अर्थ त्याला लागला नाही. इतक्या वर्षांत तिचा प्रत्येक 'हं' त्याला कळत असे. "जेवले का?" तिने विचारलं आणि उत्तर यायच्या आत म्हणाली, "मी बी इचार करते." फोन बंद झाला.

मोटरसायकल चालू झाली, पण तिच्या दिव्याची काच फुटली होती. गोवर्धनने नवऱ्याला ट्रकच्या पुढे घातलं. बायकोच्या मांडीवर दुपट्ट्याच्या उरलेल्या अर्ध्यात संत्री बांधून दिली. तिने ती घेतली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि त्याला ते बरोबर वाटलं.

देवमन डावीकडच्या दाराशी उभा होता. "बसा, भाऊजी. स्टिअरिंग तुमचं."

"तू चालव. त्याच्या मांगं मांगं घे. जवय नोको जाऊ, उजेड त्याच्या पाठीवर नाई, रस्त्यावर पडला पाह्यजे."

"मी? आता? माये हात कापून राहिले अजून."

"कापू दे. हळू घे."

देवमन चढला. गाडी निघाली. पुढे मोटरसायकल, तिच्यावर दोघं, आणि त्यांच्या पुढे उजळलेला रस्ता. हिवरखेडच्या अलीकडे ती उजवीकडे वळली. नवऱ्याने हात केला की नुसता वळायचा इशारा केला, कोण जाणे.

मोर्शी येईपर्यंत देवमनने गाणंही लावलं नव्हतं. गोवर्धनची मान मागे टेकली, पापण्या जड झाल्या.

"ओ भाऊजी," देवमन म्हणाला. "फोनवर आयकलं मी. थकले तं थकले. पन झोपू नोका. बाजूचा झोपला का चालवनाऱ्याले झोप येते. बोला काही."

"काय बोलू?"

"काही बी बोला."

गोवर्धनने डोळे उघडले, पाठ ताठ केली आणि बोलू लागला. मोर्शीच्या पलीकडे कुठे रस्ता खचला आहे, कोणत्या वळणावर बैलबंड्या बिनदिव्याच्या येतात, कोणत्या ढाब्यावर चहा बरा मिळतो आणि कोणत्या ढाब्यावर दोरी कापून माल काढतात, ते एकेक करून सांगत गेला. देवमन "हो, हो" करत होता. बोलता बोलता अमरावतीचे दिवे लांबून दिसू लागले.